परतीच्या दारात

त्या घरात सकाळच्या वेळी बाथरूम रिकामं असायचं आणि बाहेर दोन बायका खांद्यावर टॉवेल टाकून उभ्या असायच्या.

"आधी तुम्ही जा, ताई."

"छे छे, तुम्ही जा वहिनी. तुम्हाला दुकान उघडायचंय."

"दुकान तुम्हालाही उघडायचंय की."

"माझं काय, लोकांचे डोळे कुठे पळून जात नाहीत."

हे असं चालू असताना घरातला एकुलता एक पुरुष, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, हळूच मधून आत शिरायचा, कडी लावायचा आणि निवांत दाढी करायचा. नमनाला घडाभर तेल लागतं म्हणतात. या दोघींच्या नमनाला अख्खी घाणी पुरली नसती.

भावजयीचं रफूचं दुकान होतं, म्हणून गल्लीत तिला रफूवाली म्हणत. नणंद शेजारच्या रस्त्यावर चष्मे करायची, ती चष्मेवाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिघांचीही कामं अशी की नीट झाली तर कुणाच्या लक्षातही येऊ नयेत. नणंद वयाने मोठी. तिने "अगं, ऊठ, बस" केलं असतं तरी कुणाला काही वाटलं नसतं. पण लग्न न करता ती वर्षानुवर्षं आपल्या भाड्याच्या घरात एकटी राहिलेली, भेटीगाठी सणासमारंभापुरत्या, त्यामुळे भावजयीशी तिचं नातं पाहुणेपणाच्या इस्त्रीतून कधी बाहेर पडलंच नव्हतं. तिची जुनी इमारत पाडायला काढली, तेव्हा ती "तात्पुरती" म्हणून एक सुटकेस घेऊन इथे आली. ती सुटकेस अजून पलंगाखाली होती, अर्धी भरलेली. आणि दात घासायचा ब्रश ती स्वतःच्या छोट्या पिशवीतून न्यायची आणि परत पिशवीत आणायची. बेसिनवरच्या पेल्यात दोन ब्रश असायचे, तिसऱ्याला जागा होती, पण तिसरा कधी तिथे आला नाही. रफूवालीचा धंदाच बारीक भोकं बघायचा. तिला हे दिसायचं.

"तू बोल ना तिच्याशी," ती नवऱ्याला म्हणायची.

"मी? दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट मी रोज बघतो," तो म्हणायचा. "त्यात मी स्वतः बसत नाही."

आता अशा या दोन शिष्ट बायका रविवारी दुपारी टीव्हीसमोर पाय पसरून राक्षस कापत बसायच्या, हे गल्लीत कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

झालं होतं असं, की लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना गेमचं मशीन घरीच ठेवून गेली. "आई, विकू नकोस हं," एवढं म्हणाली. एका रविवारी धूळ पुसताना रफूवालीने ते चालू करून पाहिलं. पडद्यावर एक दणकट बाई आली, हातात कुऱ्हाड. रफूवालीने बटणं दाबली तशी बाईने समोरच्या सांगाड्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. आठवडाभर लोकांच्या कोटांना पडलेल्या सिगारेटच्या भोकांवर मान मोडून बसलेल्या बाईला त्यात काय समाधान मिळालं असेल, ते ज्याची मान मोडली आहे त्यालाच कळेल.

पण थोड्या वेळाने ती कुऱ्हाडवाली मेली. आणि लगेच उठली. अंगावर ओरखडा नाही, कुऱ्हाड जागच्या जागी.

"हे काय!" रफूवाली चिडलीच. "मेली म्हणजे मेली. धुतलं, वाळवलं, परत घातलं, असं कुठे असतं?"

मागच्या खुर्चीत चष्मेवाली कुणाच्या तरी चष्म्याचा मुंगीएवढा स्क्रू बसवत होती. तिने मान वर केली. "तिथे कोपऱ्यात वेगळं काहीतरी लिहिलंय बघा वहिनी. कवटीचं चित्र आहे ते."

ते होतं हार्डकोर. लेकीला फोन करून विचारलं, तर ती हसायलाच लागली. "अगं आई, त्यात एकदा मेलं की संपलं. कायमचं. लेव्हल, कपडे, हत्यारं, सगळं जातं. त्या पात्राचं नाव तेवढं एका भिंतीवर कोरलं जातं. तुम्ही नका खेळू ते, रडाल."

त्या दिवसापासून दोघी तेच खेळू लागल्या.

खेळ एकच, पण खेळायचं कारण प्रत्येकीचं निराळं. रफूवालीचा सगळा जन्म फाटलेलं सांधण्यात गेला. शिवणीच्या आतून त्याच कापडाचा धागा ओढून काढायचा, उजेडात धरायचा आणि एक वर एक खाली असा विणत न्यायचा, की भोक होतं हे भोकालाही आठवू नये. तिला ठाऊक होतं, लोक फाडतात कारण रफूवाली आहे. म्हणून जे एकदा गेलं की गेलं, त्याचं तिला अप्रूप. चष्मेवालीचं उलट. तिच्या कामात मागे फिरणं नव्हतंच. काच चाकावर केसभर जास्त घासली गेली की संपलं. काच काही परत वाढत नाही. "मला हे ओळखीचं वाटतं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि पदर खोचून बसावं तशी बाह्या सारून बसली.

खेळण्याची तऱ्हाही तशीच. रफूवाली आधी उडी मारायची आणि मग खोली विचारायची. तिच्या भिंतीवर नावांची रांग लागली. एक मेली ती एका टोपीपायी. टोपी उचलायला वाकली आणि मागून रानडुक्कर. एक मेली दूध उतू गेलं म्हणून. ही गॅस बंद करायला धावली आणि तिकडे तिला कोळ्यांनी खाल्लं. एक तर नुसतं धबधब्याचं चित्र छान आहे म्हणून बघत उभी राहिली, ती गेलीच. चष्मेवाली मात्र लांबून मारायची. तिची जादूगारीण अंगाने इतकी किडकिडीत की तिचं नाव काडी पडलं. काडी टेकडीवर उभी राहून आगीचे गोळे फेकायची.

"उंटावरून शेळ्या हाकतेय आमची ताई," लिफ्टवाला चहा घेऊन येता येता म्हणायचा.

"तू गप रे. उंटावर आहे म्हणून जिवंत आहे."

थंडीत रफूवालीने नवी कुऱ्हाडवाली केली, तिचं नाव दांडगी. आणि काय झालं कोण जाणे, दांडगी मरेना. चष्मेवाली तिला शिकवायला लागली होती, तेही अहो-जाहो करत. "वहिनी, एक पाऊल मागे येता का? तुमच्या डाव्या हाताला विषारी आहे, असं मला वाटतं." आणि रफूवाली, जिने आपल्या सख्ख्या आईचं ऐकलं नव्हतं, ती एक पाऊल मागे यायची. दोघींची लेव्हल चढत गेली. दांडगीला बर्फाच्या गुहेत लांडग्याच्या तोंडाचं खांद्याचं चिलखत मिळालं. काडीला एक झगा मिळाला, निळा, किनारीला चमक असलेला, आणि तो पाहून रफूवाली म्हणाली होती, "विणकाम बघा ताई, कसं बारीक दाखवलंय!" आणि त्या नादात दांडगी मरता मरता वाचली होती.

एकाच पडद्यावर दोघी असल्या की त्या खेळाचा एक नियम असतो: एक फार पुढे जाऊ शकत नाही आणि दुसरी फार मागे राहू शकत नाही. पडदा दोघींना धरून ठेवतो. रफूवालीला हे फार आवडायचं. ती ते कधी बोलली नाही.

एकच गोष्ट नडायची. अंगावर आलं आणि निभेना, तर पळून गावात परतायला एक दार उघडता यायचं. निळसर उजेडाचं, पुढे एक दगडी पायरी. पायरीवर उभं राहून दोन श्वास थांबलं की माणूस गावात. पण एका वेळी एकीनेच. दोघी पायरीवर चढल्या की दार मिटून घ्यायचं, एक उतरली की पुन्हा उघडायचं. आता बाथरूमच्या दारात ज्यांची ही गत, त्या इथे काय करणार?

"आधी तुम्ही, ताई."

"नाही नाही, दांडगीला लागलंय. तुम्ही व्हा पुढे."

एरवी ते खपून जायचं, कारण चष्मेवाली इतकी सावध की संकट वेशीवर असतानाच दार उघडायची. शिष्टाचाराला पुरेसा वेळ शिल्लक असायचा. लिफ्टवाल्याने एकदा ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अशी माणसं मला रोज भेटतात. दारात उभी राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही. लिफ्ट बिचारी किती थांबणार? दार मिटतं आणि ती रिकामीच वर जाते."

दोघी हसल्या होत्या तेव्हा. लिफ्ट काय, परत खाली येते.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर चष्मेवाली ताटं विसळत होती. (ताटं कुणी विसळायची यावरही आधी थोडं झालं होतंच.) पाठमोरी राहूनच ती म्हणाली, "वहिनी, पुलापलीकडे त्या बेकरीच्या वरती एक खोली रिकामी झालीय. मी बघून आले परवा. उजेड चांगला आहे. बेकरीवाल्याला आज संध्याकाळी हो-नाही कळवायचंय."

रफूवालीच्या हातातलं फडकं थांबलं.

तिच्या मनात आलं ते असं: जाऊ नका. तुम्ही आल्यापासून मला रविवारची वाट बघायची सवय लागली. लेक गेल्यावर हे घर केवढं मोठं झालं होतं, ते तुम्ही आलात आणि पुन्हा मापात बसलं. पण दुसऱ्याच क्षणी तिला वाटलं, आपण असं म्हटलं तर ही माझ्या शब्दाखातर थांबेल. मनातून जायचं असेल आणि तरी भिडेपोटी थांबेल, आणि मग जन्मभर ब्रश पिशवीतून नेईल. मग ती म्हणाली, "तुमची मर्जी, ताई. तुम्हाला जिथे बरं वाटेल तिथे."

"हो, तेच," चष्मेवाली म्हणाली आणि आधीच लखलखीत असलेलं ताट पुन्हा विसळू लागली. "तुम्हालाही किती दिवस त्रास."

"त्रास कसला!"

"तसं नाही, पण तरी."

एवढंच झालं. इतकं सभ्य बोलणं, की भिंतींनाही थंडी वाजावी. रफूवालीने बाहेर येऊन एका लोकरी कोटाचं काम हातात घेतलं आणि काळ्या कापडात गडद निळा धागा चार ओळी विणून मोकळी झाली. उजेडात धरल्यावर कळलं. तिने तो उसवला. नवरा पेपराआडून बघत होता.

"झालं का?"

"काय झालं का?"

"मला वाटलं, मजल्यावर आली लिफ्ट."

"तू पेपर वाच."

दुपारी ठरल्याप्रमाणे त्या बसल्या. ठरलं होतं ते हे, की आज राखेच्या राजाकडे जायचं. तो शेवटचा. त्याला मारलं की खेळ जिंकला. लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, घाई करू नका, त्याच्याकडे लोक मरायलाच जातात." दोन-तीन रविवार अजून तयारी करायची चष्मेवालीची इच्छा होती. पण आज तीच म्हणाली, "जाऊ या. परत कधी जमेल, न जमेल."

 रफूवालीने कंट्रोलर घट्ट धरला आणि "चला," म्हणाली.

राखेच्या राजाचा दरबार म्हणजे एक विझलेली भट्टी. जमीन भेगाळलेली, भेगांत लाल उजेड, आणि मधोमध तो, धुराचाच केल्यासारखा. दांडगी पुढे, काडी मागे. सुरुवात छान झाली. चष्मेवाली हळू आवाजात सांगत होती, "आता तो हात वर घेईल, आता तुम्ही उजवीकडे," आणि तो हात वर घ्यायचा आणि दांडगी उजवीकडे. निम्मा राजा संपला. रफूवालीला क्षणभर वाटलं, जिंकलो. जिंकलो, म्हणजे संपलंच. मग पुढच्या रविवारी कशाला बसायचं? तिचं लक्ष तेवढ्यापुरतं पडद्यावरून निघालं आणि सोफ्याच्या कडेला टेकवलेल्या चष्मेवालीच्या पायाकडे गेलं. पायात घरातली चप्पल नव्हती. बाहेरची होती. फोन करून लगेच निघता येईल अशी.

राजाने फुंकर मारली. दांडगीचं निम्मं रक्त गेलं.

"वहिनी!"

"दिसलं, दिसलं!"

दिसलं नव्हतं. दुसरी फुंकर काडीलाही लागली. औषधाच्या बाटल्या संपल्या. जमिनीतून राखेची माणसं उठायला लागली, पुढून, मागून. चष्मेवाली आयुष्यात पहिल्यांदा उशिरा म्हणाली, "दार उघडते."

निळं दार उघडलं. दोघी धावल्या. पायरीपाशी पोचल्या, आणि रफूवालीने काय करावं? दांडगीला बाजूला घेतलं.

"आधी तुम्ही, ताई!"

"नाही, तुमचं रक्त कमी आहे, तुम्ही जा!" काडीही बाजूला झाली.

पायरी रिकामी. राजा येतोय.

"अहो जा ना!"

"तुम्ही जा ना!"

दोघींना एकदमच वाटलं की समोरची काही ऐकत नाही, तेव्हा आपणच जावं, म्हणजे तिचा तरी मार्ग मोकळा होईल. दोघी एकदम पायरीवर चढल्या. दार मिटलं. दोघी एकदम दचकून उतरल्या. दार उघडलं. दोघींनी एकमेकींना हाताने वाट करून दिली. खऱ्या हाताने, कंट्रोलर सोडून, जशी बाथरूमच्या दारात द्यायच्या तशी.

"अगं शिर ना बये आत!" रफूवाली किंचाळली.

तोवर राख सगळीकडे पसरली होती.

पडदा काळा झाला. मग ती भिंत आली, दगडाची, आणि तिच्यावर सावकाश दोन नावं कोरली गेली. दांडगी. काडी. खाली मेणबत्त्या पेटल्या. कुठेतरी घंटा वाजल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला.

 पंख्याखाली पेपराचं पान फडफडत होतं. लांडग्याच्या तोंडाचं चिलखत गेलं. निळा झगा गेला. सगळी थंडी, सगळे रविवार, "एक पाऊल मागे येता का वहिनी", सगळं दोन ओळींत कोरलं गेलं. रफूवालीला, का कोण जाणे, संताप आला.

"तुम्ही गेला का नाहीत?" ती म्हणाली. "काडी तर पायरीला चिकटून होती!"

"तुम्ही बाजूला का झालात?" चष्मेवालीचा आवाजही चढला. "मी तुमच्यासाठी दार उघडलं होतं!"

"मी तुमच्यासाठी बाजूला झाले!"

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगावं लागतं का? सकाळी सांगतं का कुणी? रोज उभ्या असता टॉवेल घेऊन! एकदा तरी सरळ आत जा की!"

"कशी जाऊ? घर तुमचं!"

"घर माझं, म्हणजे? तुम्ही काय धर्मशाळेत उतरलाय? ती सुटकेस, तो ब्रश! पेल्यात ठेवला तर माझा ब्रश त्याला चावणार आहे का?"

लिफ्टवाल्याने पेपर खाली ठेवला. मग विचार करून परत वर घेतला.

"तुम्हीच म्हणालात ना, तुमची मर्जी!" चष्मेवाली म्हणाली. तिने चष्मा काढला होता, आणि चष्मा काढलेली ती एकदम तिच्या भावासारखी दिसायला लागली, आणि कुणीतरी पाटी फोडलेल्या लहान मुलीसारखी. "मी त्या खोलीचं बोलले तेव्हा एका शब्दाने म्हणालात का, जाऊ नका म्हणून? मी ताट दोनदा विसळलं वाट बघत!"

"आणि तुम्ही भिडेखातर थांबला असता तर?"

"भीड? मला?" चष्मेवालीने नाक फेंदारलं. "गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगते, की ही फ्रेम तुमच्या नाकाला शोभत नाही, तुम्ही त्यात घुबड दिसता. मला कसली भीड!"

"मग माझ्यापाशीच कुठून येते?"

 चष्मेवाली चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "ती खोली मला नकोय गं. खाली बेकरी आहे. पहाटेपासून भट्टी. उजेड चांगला आहे म्हणजे काय, एक खिडकी आहे आणि ती भिंतीसमोर उघडते."

"मग कशाला बघायला गेलीस?"

"तुम्हाला सुटका नको का माझ्यापासून?"

"सुटका!" रफूवालीने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. "मघाशी शेजारी ही बाहेरची चप्पल घालून बसलीस ना, तिच्यामुळे मेली माझी दांडगी. तिच्याकडे बघत होते मी. राजाकडे नाही."

चष्मेवालीने खाली पाहिलं. चप्पल खरंच बाहेरची होती. तिने ती पायानेच काढली आणि एका लाथेत सोफ्याखाली ढकलली. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. "आत शिर ना बये म्हणालीस तू मला."

"म्हणाले."

"कुणी नव्हतं म्हटलं मला असं. आई गेल्यापासून."

"अजून दोन श्वास आधी म्हटलं असतं तर जगली असती काडी," रफूवाली म्हणाली, आणि तीही हसायला लागली, डोळे पुसता पुसता. दोघी इतक्या हसल्या की लिफ्टवाला उठून आत गेला आणि चहा टाकून आला. चहाचे तीन कप आणले. तिन्ही कप तिघांनी उचलले, कुणी कुणाला "घ्या" म्हटलं नाही.

"त्या दोघी परत उठतच नाहीत का?" त्याने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं. "मशीन बंद करून परत चालू केलं तर? आमच्यात अर्धी दुरुस्ती तशीच होते."

"नाही रे बाबा," चष्मेवाली म्हणाली. "नाहीत उठत. म्हणून तर मजा आहे."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिला माहीत होतं आज कुठे जायचं होतं ते. "काय झालं आई? मारला?"

"मेलो."

"कोण? तू?"

"मी आणि आत्या. दोघी."

"आत्यापण?" पोरीला खरा धक्का बसला. काडी मरू शकते हे तिच्या हिशेबातच नव्हतं. "दोघी एकदम? कशाने?"

रफूवालीने चष्मेवालीकडे पाहिलं. चष्मेवालीने फोन आपल्याकडे घेतला. "शिष्टाचाराने," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

संध्याकाळ व्हायच्या आतच चष्मेवालीने बेकरीवाल्याला फोन लावला. ती खिडकीपाशी उभी होती. रफूवाली कोटावर वाकली होती, या वेळी काळ्यात काळाच धागा होता, पण सुई जागची हलत नव्हती.

"नाही, नको मला खोली," चष्मेवाली म्हणत होती. "नाही, भाड्याचं काही नाही... नाही, खोली चांगलीच आहे हो तुमची." मग जरा थांबून, "नाही, खरं सांगू का? फारशी चांगली नाहीये. खिडकी भिंतीसमोर आहे. पुढच्या माणसाला आधीच सांगत जा."

रफूवालीची सुई चालायला लागली.

मग त्यांनी नवी पात्रं केली. पहिल्या लेव्हलची, अंगावर फाटकी चिंधी, हातात काठी. या वेळी चष्मेवालीने कुऱ्हाडवाली घेतली आणि रफूवालीने जादूगारीण. "तू जरा लांबून मारायला शीक," चष्मेवाली म्हणाली. "आणि मी जरा अंगावर घ्यायला शिकते." नाव काय ठेवायचं यावर चांगली खणाखणी झाली आणि मिटली नाही, म्हणून दोघींनी एकमेकींच्या पात्राला मनाला येईल ते नाव दिलं. रफूवालीची झाली लुडबुड. चष्मेवालीची झाली पाहुणी, आणि ते वाचून ती म्हणाली, "टोमणा कळला हं." दाराच्या पायरीचा नियमही ठरला: जी जवळ असेल ती मुकाट्याने आत जाईल, मागचीची चौकशी गावात पोचल्यावर. नव्या लुडबुडीने पहिल्याच ओढ्यापाशी एका बेडकाच्या अंगावर उडी मारली आणि मरता मरता वाचली.

"लांबून!" चष्मेवाली ओरडली. "लांबून म्हटलं ना तुला, बहिरे!"

"बेडूक होता, बेडकाला कसलं लांबून!"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज नाही, पण दोघींचा आवाज कमी करायची विनंती केली. ती फेटाळण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफूवाली टॉवेल घेऊन बाथरूमपाशी पोचतेय, तोच समोर दार बंद झालं. आतून पाण्याचा आवाज, आणि त्याच्यावर कुणीतरी बेसूर गुणगुणतंय. नवरा शेजारी दाढीचं सामान घेऊन उभा होता, गोंधळलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नंबर गेला होता.

"आत कोण आहे?" तो म्हणाला.

"तुझी बहीण."

"विचारलं नाही तिने?"

"नाही. माझ्या समोरून गेली. मी इथे होते, ती तिथे होती, तीच जवळ होती दाराला." रफूवालीने टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग दारावर मूठ आपटली. "अगं, आटप! दुकान उघडायचंय मला!"

"थांब!" आतून आवाज आला. "लोकांची भोकं कुठे पळून जात नाहीत!"

ती बाहेर आली तेव्हा केस ओले, चष्मा वाफेने पांढरा, आणि हातात पिशवी नव्हती. रफूवाली आत शिरली. पेल्यात तीन ब्रश दाटीवाटीने उभे होते, एक जरा तिरका. तिने नळ सोडला. थोडा वेळ गरम आलं आणि मग गार पडलं. सगळं गरम पाणी संपवून गेली होती बया.

रफूवालीने मोठ्याने कुरकुर केली, बाहेर नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाहेरून उत्तर आलं, "मग आधी जायचं होतंस!" आणि तिने गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतून घेतला, दातावर दात आपटत, आणि आज बेडकाचं काय करायचं याचा विचार करायला लागली.